पहिला घोट

कुमुद भुवड यांचं हृदय बुधवारी आणि रविवारी मंद चालत असे.

केतकीच्या हे लक्षात आलं ते एका सोमवारी सकाळी, प्रयोगशाळेत कामाला हात घालण्याआधी. सासूबाईंच्या मनगटावरच्या पट्टीची नोंद रोज तिच्या फोनवर यायची आणि एरवी ‘सर्व ठीक’ एवढंच वाचून ती पुढे जायची. पण आदल्या दिवशी दुपारी पडवीतून उठताना सासूबाई खांबाला धरून उभ्या राहिल्या होत्या. “ऊन आलं डोळ्यांवर,” म्हणाल्या होत्या. भाद्रपदातलं मळभ होतं, ऊन कुठे पडलंच नव्हतं. म्हणून केतकीनं आज आठ आठवड्यांचा आलेख एकत्र उघडला.

नाडी अडुसष्टच्या आसपास सरळ चाललेली. मध्येच एक खड्डा, पन्नास. पुन्हा सरळ, पुन्हा खड्डा. तिनं खड्ड्यांच्या तारखा कागदावर उतरवल्या, समोर वार लिहिले. बुधवार, रविवार, बुधवार, रविवार. पहिले खड्डे उथळ होते, अलीकडचे खोल. कालचा बेचाळीसचा होता.

हृदयाला वार कळत नाहीत, ते माणसांना कळतात. आणि बुधवारी नि रविवारी कोंडतळीच्या भुवडांकडे काविळीचं औषध मिळत असे.

औषध कशाचं, हे गावात कुणालाही विचारलं तरी सांगता आलं असतं. भुईआवळी. पावसाळ्यात परसात, बांधावर, घाटीच्या दगडांच्या फटीतसुद्धा उगवणारं वीतभर झुडूप. पानं चिंचेच्या पाल्यासारखी आणि फांदी उलटी केली की खालच्या बाजूला मोहरीहून थोड्या मोठ्या हिरव्या आवळ्यांची रांग. पण भुवडांच्या घरात तिचं नाव घेत नसत. नाव घेतलं की गुण जातो, असं कुमुदकाकींना त्यांच्या सासूनं बजावलं होतं. त्यामुळे घरात तिला नुसतं ‘ती’ म्हणत. “ती आणलीस काय गो?” “यंदा ती विहिरीकडे चांगली माजलीय.” लग्न होऊन आल्यावर पहिले काही दिवस केतकीला वाटायचं, या घरात आणखी एक बाई आहे आणि तिची न् आपली तेवढी गाठ पडत नाही.

नियम आणखीही होते. औषधाबद्दल कुणाकडून काही घ्यायचं नाही, नारळसुद्धा नाही. रोग्यानं दारू, तळण आणि अंगदुखीच्या गोळ्या बंद ठेवून घरी पडून राहायचं. देणारीनं आधी घोट घ्यायचा, मग रोग्याला द्यायचं. आणि औषध सुनेच्या हाती सोपवताना तिच्या कानात एक गोष्ट सांगायची. ती तिसऱ्याच्या कानी जाता कामा नये.

कानातल्या त्या गोष्टीवर केतकीचं आणि सासूबाईंचं घोडं अडलं होतं. केतकी औषधशास्त्र शिकलेली, तालुक्याच्या प्रयोगशाळेत एका विभागाची प्रमुख. तिची खात्री होती, की भुईआवळीखेरीज त्या वाटीत आणखी काहीतरी असणार, एखादी मुळी, एखादी साल, आणि तेच ते गुपित. तीन वर्षांपूर्वी सासूबाई म्हणाल्या होत्या, “माझी सत्तरी आली. आता हे तू घे.”

“आई, आत काय आहे ते मला आधी कळायला हवं. त्याशिवाय मी कुणाच्या तोंडात काही घालणार नाही.”

“आणि घेतल्याशिवाय मी तुला सांगणार नाही.”

दोघीही आपापल्या जागी बरोबर होत्या. त्यामुळे विषय तिथंच राहिला.

*

बुधवारी केतकीनं रजा टाकली आणि सकाळी आठ वाजता पडवीत खुर्ची घेऊन बसली.

“आज सरकारनं सुट्टी दिली वाटतं,” कुमुदकाकी पाट्यावर पाला पसरत म्हणाल्या.

“मीच घेतली.”

“बरं नाही काय?”

“बरी आहे. तुम्हाला बघत बसणार आहे.”

“सोळा वर्षं बघतेस. अजून ओळख पटली नाही?”

केतकी हसली. खरं तर तिनं हे कधी नीट बघितलंच नव्हतं. बुधवारी ती साडेसातच्या गाडीनं तालुक्याला जायची आणि रविवारी पडवीत माणसं जमली, की ती चहाचं आधण ठेवायला आत पळायची.

त्या आठवड्यात गर्दी जास्त होती. वरच्यावाडीच्या पाण्याच्या टाकीत सांडपाणी झिरपलं होतं आणि वाडीत काविळीची साथ आली होती. टाकी बंद करून झाली होती, आरोग्यसेविका घरोघर रक्त तपासून गेल्या होत्या. पाणी उकळून प्या, विश्रांती घ्या, बहुतेक जण काही आठवड्यांत आपोआप बरे होतील, असं सांगून गेल्या होत्या. लोक पाणी उकळत होते, विश्रांती घेत होते आणि शिवाय भुवडांच्या पडवीतही येत होते.

कुमुदकाकींनी पाला वाटला, फडक्यातून पिळला, रस ताकात मिसळला. मग पितळेची वाटी भरली, समोरच्या बाईकडे बघत स्वतः एक घोट घेतला, तोंड जराही वाकडं न करता गिळला आणि उरलेली वाटी तिच्या हातात दिली. “डोळे मिटून पी. कडू आहे, पण तुझ्या सासूपेक्षा बरी.”

पडवी हसली. पुढचा माणूस आला. कुमुदकाकींनी दुसरी वाटी भरली आणि पुन्हा घोट घेतला.

केतकी खुर्चीत सरळ झाली. तिची अशी समजूत होती, की सासूबाई दिवसातून एकदाच, सुरुवातीला, देवाला नैवेद्य दाखवावा तसा घोट घेतात. पण प्रत्येक रोग्याची वाटी वेगळी होती आणि प्रत्येक वाटीतला पहिला घोट त्यांचा होता.

तिनं मोजायला सुरुवात केली. पाच. सहा. सात.

आठवा आला दिगंबर गोरिवले. हा टेम्पो चालवायचा आणि बोलायला लागला की टेम्पोसारखाच थांबायचा नाही. गेल्या बुधवारी त्याची पहिली वाटी झाली होती, रविवारी दुसरी. औषध तीन वाट्यांचं असे.

“काकी, आज शेवटची. उद्यापासून माशाची कढी चालू ना?”

कुमुदकाकींनी त्याच्या दंडाला धरून त्याला पडवीच्या कडेला उजेडात आणलं, अंगठ्यानं खालची पापणी ओढली आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग दुसरा डोळा बघितला. त्याच्या तळहाताला नखांनी उमटलेले ओरखडे बघितले.

“खाजतंय?”

“अंग सगळं खाजतंय. सगळ्या वाडीला झालीय ती नुसती पिवळी झालीत, मी पिवळा आणि वर खरजुला.”

“तुला आज देत नाही. असाच्या असा तालुक्याला जा. मोठ्या डॉक्टरला दाखव.”

“अहो, म्हणजे काय? सगळ्यांना देताय, मीच काय तुमचं घोडं मारलंय?”

“जातोस की तुझ्या बायकोला फोन लावू?”

दिगंबर पुटपुटत चपला शोधू लागला. केतकीला त्याची थोडी कीव आली. सासूबाईंची कधी कुणावर मर्जी फिरेल ते सांगता यायचं नाही, असं तिला वाटलं. तिनं पुन्हा मोजणीकडे लक्ष दिलं. आठ. नऊ.

अकराच्या सुमारास पडवी रिकामी झाली. अठरा घोट. एक घोट साधारण दोन चमचे धरला, तर छत्तीस चमचे, म्हणजे पाऊण पेल्याच्या वर. रोग्याच्या वाटीत जेमतेम दहा चमचे असायचे. सगळ्या पंचक्रोशीत काविळीचं औषध सर्वांत जास्त कुणी घेत असेल, तर जिला कावीळ नव्हती ती बाई.

कुमुदकाकी उठल्या आणि खांबाला टेकल्या. केतकीनं त्यांचं मनगट धरलं. पट्टीवर चव्वेचाळीस होते.

“ऊन आलं डोळ्यांवर,” त्या म्हणाल्या.

*

आता इथं साक्षीबद्दल सांगायला हवं, कारण पुढची चूक तिच्याशी निगडित आहे आणि ती चूक केतकीची होती.

साक्षी म्हणजे काचेची एक पट्टी, पत्त्याच्या पानाएवढी. माणसाच्या रक्ताच्या थेंबातून काही पेशी घ्यायच्या, त्यांना आपण कोण होतो ते विसरायला लावायचं आणि मग यकृताच्या पेशी व्हायला शिकवायचं. या पेशी त्या पट्टीवर वाढतात. सुपारीच्या बागेत पाटाचं पाणी खेळवावं, तसा त्यांच्यामधून बारीक नळ्यांनी अन्नरस खेळवलेला असतो. तीन आठवड्यांत रांगोळीच्या ठिपक्याएवढं एक यकृत तयार होतं, आणि ते त्या माणसाचंच असतं. त्याच्या यकृताला जे सोसत नाही, ते या ठिपक्यालाही सोसत नाही. तालुक्यातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाची साक्षी आता तालुक्याच्या प्रयोगशाळेत ठेवलेली असे. डॉक्टरनं नवं औषध लिहिलं, की ते आधी तिच्यावरून जाई. चौदा तासांत उत्तर मिळे आणि मग ते औषध माणसाच्या पोटात जाई.

आषाढात कुमुदकाकींना हृदयाची लय सांभाळणारी एक गोळी सुरू झाली होती. ती गोळी रक्तात मोजकीच असावी लागते. कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर हृदय नको तितकं सावकाश चालतं. जास्तीची गोळी मोडून टाकण्याचं काम यकृतातलं एक विकर करतं. कुमुदकाकींच्या साक्षीवर ती तपासली गेली होती. उत्तर आलं होतं, हरकत नाही. तपासणीआधी भरायच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, ‘आणखी कोणतं औषध घेता का?’ तो फॉर्म केतकीनंच भरला होता. सासूबाईंना विचारलंसुद्धा होतं.

“मी कशाला औषध घेऊ? मी देते.”

आणि केतकीनं लिहिलं होतं, ‘नाही’.

साक्षी खोटं बोलत नाही. पण तिला जेवढं विचारलं तेवढंच ती सांगते.

बुधवारी दुपारी सासूबाईंना आडवं करून, ती गोळी लिहून देणाऱ्या तालुक्याच्या डॉक्टर वारंगांशी फोनवर बोलून आणि नाडी पंचावन्नवर आल्याची खात्री करून केतकी रसाची बाटली घेऊन प्रयोगशाळेत गेली. निघताना तिनं विचारलं होतं, “नेऊ ना?”

“ने. पण नाव घालू नकोस कुठं.”

मशीनला मात्र नावाशिवाय चालत नसे. ‘नमुन्याचे नाव’ हा रकाना भरल्याखेरीज झाकण उघडायचंच नाही. केतकी क्षणभर त्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिली आणि मग तिनं लिहिलं, ‘ती’. झाकण उघडलं.

तिनं तीन गोष्टी तपासायला लावल्या. रसात काय काय आहे ते. सासूबाईंच्या साक्षीवर गोळी आणि रस एकत्र. आणि तिसरी गोष्ट तिनं का लावली, हे तिला त्या वेळी सांगता आलं नसतं. स्वतःच्या साक्षीवर नुसता रस.

गुरुवारी सकाळी तिन्ही उत्तरं समोर होती. रसात भुईआवळी होती आणि ताक होतं. दुसरी मुळी नाही, साल नाही, काही नाही. तिनं ते दोनदा वाचलं. मग कानात सांगायचं ते काय होतं?

दुसरं उत्तर तिला अपेक्षित होतं. रसातली काही द्रव्यं त्या विकराला अडवून बसत होती. नुसती गोळी नऊ तासांत अर्धी मोडायची, रसाबरोबर तेवढ्याच वेळात जेमतेम पाचवा हिस्सा मोडत होती. चारपाच घोटांनी फारसं बिघडत नव्हतं. साथ आली, घोट अठरा झाले, तसे खड्डे खोल गेले. याआधी बेचाळीस वर्षं त्यांना काही झालं नव्हतं, कारण गोळीच नव्हती. भुईआवळीचा दोष नव्हता, गोळीचाही नव्हता. दोघींची एकमेकींशी ओळख कुणी करून दिली नव्हती.

तिसरं उत्तर अगदी छोटं होतं. केतकीच्या यकृताची ‘ती’ला हरकत नव्हती.

*

“म्हणजे मी ती प्यायची नाही,” कुमुदकाकी म्हणाल्या. त्या झोपाळ्यावर बसून लसूण सोलत होत्या.

“थेंबभरसुद्धा नाही.”

“मग गोळी सोडते.”

“गोळी सोडायची नाही. डॉक्टर वारंगांनी दोनदा सांगितलंय. गोळी सोडली तर एखाद्या दिवशी खांबाला धरायलाही वेळ मिळणार नाही.”

“मग देते, पण पीत नाही?” त्यांनी लसूण खाली ठेवला. “स्वतः न चाखता दुसऱ्याच्या तोंडाला लावू? असं उंदराला देतात गो, माणसाला नाही.”

हे वाक्य केतकीच्या मनात वेगळ्याच जागी जाऊन बसलं. प्रयोगशाळेच्या शीतकपाटात चौदा हजार काचपट्ट्या होत्या. त्या कशासाठी होत्या? दुसऱ्याच्या तोंडाला लावण्याआधी कुणीतरी चाखून बघावं म्हणून. या पडवीत ते काम चार पिढ्या सुनांचं यकृत करत आलं होतं.

तरी तिनं मनातलं सांगून टाकलं. “आई, एक विचारू? रागावू नका. या साथीतली माणसं औषधाशिवायही बरी झाली असती. शंभरातली नव्वदच्या वर. यकृत आपलं आपण सावरतं. तिच्यामुळे किती फरक पडतो, ते नक्की कुणालाच सांगता येत नाही. काचेवर थोडा दिसतो, पण माणसात तेवढा पुरावा नाही.”

“मग बेचाळीस वर्षं त्यांना बरं कोण करत होतं?”

“त्यांचं त्यांचं यकृत.”

“आणि मी काय करत होते?”

“तुम्ही त्यांना घरी पडायला लावत होता. दारू बंद करत होता. नको त्या गोळ्या बंद करत होता.”

केतकीला वाटलं होतं, आता घरात दोन दिवस अबोला. पण कुमुदकाकी तिच्याकडे बघून मिस्कील हसल्या.

“एवढं शिकलीस ते हे कळायला? मला वाटलं, काहीतरी नवीन सांगशील.”

तेवढ्यात केतकीचा फोन वाजला. डॉक्टर वारंग होते. दिगंबर गोरिवलेची सोनोग्राफी झाली होती. त्याला वाडीतली साथ नव्हतीच. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता, पित्त उलटं रक्तात चढत होतं, म्हणून ती खाज. दुपारी दुर्बीण घालून खडा काढणार होते. “आणखी आठवडा पाला पीत बसला असता तर जंतू चढले असते, मग काही खरं नव्हतं,” डॉक्टर म्हणाले. “पण त्याला पाठवला कुणी? तो म्हणतो, काकीनं हाकलला.”

केतकीनं फोन ठेवला. काकी पुन्हा लसूण सोलायला लागल्या होत्या.

“तुम्हाला कसं कळलं?”

“काय?”

“दिगंबरचं. की त्याचं वेगळं आहे.”

“मला काय कळतंय? मी काय डॉक्टर?” त्यांनी सालपटं फुंकरीनं उडवली. “रविवारी वरच्यावाडीची वीसेक माणसं यायची आहेत. त्यांना काय सांगू ते तू ठरव. नाही म्हणून सांगायचं तर तसं सांगते. एकदा नाही म्हटलं की मी लपूनछपून पिणार नाही, माझा शब्द.”

त्यांनी हे सहज म्हटलं. पण केतकीला दिसलं, की त्यांच्या हातातली लसणाची पाकळी सोलून झाली होती आणि त्या तीच पुन्हा पुन्हा सोलत होत्या.

तिनं शुक्रवार आणि शनिवार विचार केला. नाही म्हणणं सोपं होतं आणि शास्त्राला धरूनही होतं. पण मग ती वीस माणसं काय करतील? परसापरसात ‘ती’ उगवलेलीच होती. प्रत्येक जण आपापली उपटेल, मूठभर वाटेल, वर गुडघेदुखीची गोळी घेईल. त्यांचे डोळे उजेडात धरून कुणी बघणार नाही. पुढचा दिगंबर दवाखान्यात आठवडाभर उशिरा पोचेल.

शनिवारी संध्याकाळी तिनं समुद्रावर असलेल्या नवऱ्याला फोन केला. अमोघ सात महिने बोटीवर असायचा आणि घरातली भांडणं त्याला नेहमी मिटल्यावर कळायची.

“तू घेणार?” तो म्हणाला. “प्रयोगशाळेची प्रमुख पाट्यावर पाला वाटणार?”

“मिक्सर वापरेन.”

“आईला आधी सांगितलंस का हे? मला वाटतं, घोट सोडेल ती, पण पाटा सोडणार नाही.”

*

रविवारी पहाट सरून चांगलं उजाडल्यावर केतकी परसात गेली. सासूबाई विहिरीजवळ उकिडव्या बसून ‘ती’ खुडत होत्या.

“माझ्या अटी आहेत,” केतकी म्हणाली.

“असणारच.”

“आलेल्या प्रत्येकाला मी विचारणार, दुसरं काय घेता. डॉक्टरनं दिलेली गोळी कुणी आपल्या मनानं बंद करायची नाही. जो रोजची गोळी घेतो, त्याची वाटी आधी साक्षीवर. पोटुशी बाई आणि लहान मूल, यांना द्यायचंच नाही. आणि मला कुणी विचारलं, यानं नक्की बरं वाटतं का, तर मी खरं सांगणार. नक्की माहीत नाही.”

“सांग. लोक तरी पितील. मीसुद्धा तेच सांगायचे, फक्त तू भाषण केल्यासारखं सांगतेस.” कुमुदकाकी गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. “झाल्या अटी? ये इकडे. कान दे.”

त्यांनी आजूबाजूला बघितलं. विहिरीवर एक खंड्या बसला होता, बाकी कुणी नव्हतं. त्यांनी केतकीचा खांदा धरून तिला वाकवलं. लसणाचा आणि शिकेकाईचा वास आला. मग कानाशी गरम श्वास, आणि हळू आवाजात, पाठ केलेल्या श्लोकासारखं:

“सातव्या दिवशी डोळे उजेडात बघ. पिवळेपण उतरणीला लागलं नसेल, अंग खाजत असेल, ताप असेल, माणूस झोपाळल्यासारखा बोलत असेल, तर तिसरी वाटी देऊ नको. हे आपलं काम नव्हे, असं मनाशी म्हण आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठव.”

केतकी वाकलेलीच राहिली.

“एवढंच?”

“एवढंच.”

“मला वाटायचं, एखादी मुळी असेल.”

“मलाही वाटायचं. माझ्या सासूनं सांगितलं तेव्हा मी रडले होते. एवढी वर्षं हिनं काहीतरी मोठं लपवलंय असं वाटत होतं, आणि निघालं काय, तर केव्हा थांबायचं ते.”

“पण हे गुपित कशाला? हे तर सगळ्यांना सांगायला हवं.”

“देणारी दारात उभी राहून म्हणाली, मला जमलं नाही तर मी तुला हाकलीन, तर पहिल्या दिवशी तिच्याकडे कोण येईल? आणि आलाच नाही, तर सातव्या दिवशी त्याचे डोळे कोण बघेल?”

केतकी हळूहळू सरळ झाली. तिला आणखी एक गोष्ट विचारायची होती. “आणि नाव? नाव का नाही घ्यायचं? सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे गो. पण भुवडांच्या हातची ‘ती’ आणि बांधावरची ती एकच, असं आपण आपल्या तोंडानं म्हटलं की लोक बांधावरची खुडतील. पाला तोच. कडूही तेवढीच. पण मग दिवस मोजणार कोण?” त्यांनी खुडलेल्या जुडीवरची माती झटकली. “नाव घेतलं की गुण जातो, ते असा.”

पडवीत माणसं जमली होती. केतकी पाट्यासमोर बसली. मिक्सरचा विषय तिनं काढलाच नाही. कुमुदकाकी झोपाळ्यावर बसून हुकूम सोडत होत्या. “वरवंटा ओढ, ढकलू नकोस. ताक आधी नाही, मागाहून.” पहिली आली वरच्यावाडीची एक बाई, हातावर सुईची खूण, डोळे हळदीसारखे.

“आज सूनबाई?” तिनं झोपाळ्याकडे बघत विचारलं. तिच्या आवाजात शंका होती.

“आजपासून तीच. शिकलेली आहे, सांभाळून घ्या.”

केतकीनं बाईला विचारायचं ते सगळं विचारलं. बाई दुसरं काही घेत नव्हती. मग तिनं वाटी भरली, बाईच्या डोळ्यांत बघितलं आणि घोट घेतला.

कडवटपणा जिभेवर आधी नुसता टेकला आणि मग कानापर्यंत चढला. केतकीचं तोंड लिंबू चोखल्यासारखं झालं. पडवीत हशा पिकला.

“गिळ, गिळ,” झोपाळ्यावरून आवाज आला. “तोंड असं केलंस तर पुढचा माणूस पळून जाईल.”

तिनं गिळला. बाईनं हसत वाटी घेतली.

*

सोमवारी केतकीनं प्रयोगशाळेत आल्यावर आधी आलेख उघडला. रविवारच्या जागी खड्डा नव्हता. अडुसष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. फक्त सकाळी साडेनऊला एक उंचवटा होता, ब्याण्णव. ती वेळ तिनं आठवून बघितली. ती वाटी ओठांना लावत होती ती वेळ.

मग तिनं साक्षीचा फॉर्म काढला. ‘आणखी कोणतं औषध घेता का?’ या प्रश्नाखाली जागा केली आणि एक नवा प्रश्न घातला. ‘इतरांना कोणतं औषध देता का? देताना स्वतः चाखता का?’ हा बदल जिल्ह्याला मंजुरीसाठी पाठवायचा होता. त्याआधी तो नीट चालतो का, ते बघायला हवं होतं.

तिनं स्वतःचंच नाव टाकून एक फॉर्म उघडला. नव्या प्रश्नापुढे लिहिलं, ‘होय. बुधवार, रविवार.’

त्याखालच्या रकान्यात मशीननं औषधाचं नाव मागितलं. केतकीनं न थांबता लिहिलं, ‘ती’.